पेठेचं शटर दिवसा पडत नाही

४ ऑगस्ट, सोमवार

अनुदानाची फाईल परत आली. तिसऱ्यांदा. या खेपेचं कारण: मंडळाच्या नोंदणीच्या दाखल्यावर जिल्हा 'अहमदनगर', अर्जावर 'अहिल्यानगर'. दोन्ही एकच असल्याचा पुरावा जोडावा. नाव बदललं सरकारनं, पुरावा द्यायचा आम्ही. बत्तीस वर्षं पोस्टात काउंटरच्या आत बसले, कागद परत पाठवायची कारणं मलाही तोंडपाठ आहेत, पण इतकी अक्कल आम्हाला कधी सुचली नाही.

दुपारी कोर्टासमोर जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. मी, जुन्या पेठेच्या मंडळाची सचिव, शपथेवर लिहून देते की हा जिल्हा तोच जिल्हा आहे. टायपिस्ट हसला. मला हसू आलं नाही.

घरी आल्यावर हे म्हणाले, खाली 'आणि मी तीच बाई आहे' असंही टाकायचं होतंस, पुढच्या वेळी तेच विचारतील. नवऱ्याला पेन्शन मिळाली की त्याला विनोद सुचायला लागतात.

५ ऑगस्ट

काल रागाच्या भरात मुद्द्याचं लिहायचं राहूनच गेलं. अनुदानातून तीन कामं मागितलीत. पेठेत दिवे, गटारावर फरश्या, बायकांसाठी स्वच्छतागृह. अध्यक्ष अप्पांच्या यादीत दिवे पहिले. माझ्या यादीत तिसरंच पहिलं. बायपासला ते टाईल्सवालं कॉम्प्लेक्स झाल्यापासून अर्धी पेठ तिकडे गेली. लोक म्हणतात पार्किंगमुळे. कसलं पार्किंग! साडी, बांगडी, ब्लाउज, मसाला, सगळं गिऱ्हाईक बायकांचं, आणि बाईला दोन तास फिरायचं तर जायला जागा नाही. पुरुषांना जुन्या मंडईमागची भिंत आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिला अनुदान लागत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

मंदाकडे गेले होते. गुढीपाडव्याला तिनं पेठेत ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं, ते माझ्या शब्दावर. 'गणपतीपर्यंत सोय होते बघ,' असं मी म्हणाले होते. मंडळ नव्हतं म्हणालं, मी म्हणाले होते.

मशीनवर बसली होती, एक हात कमरेवर. विचारलं तर आधी काही नाही, काही नाही. मग सांगितलं, मागच्या महिन्यात दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला, डॉक्टर म्हणतात पाणी प्या. सकाळी नऊला अर्धा ग्लास पिऊन येते, मग थेट घरी गेल्यावर. तिचं घर नदीपलीकडे.

"पानी प्यायचं तर जायचं कुठं, बाई?"

दोन ब्लाउज टाकून आले, गरज नसताना.

१२ ऑगस्ट

अप्पांच्या बियाण्याच्या दुकानात मीटिंग. सातपैकी तिघं. अप्पा वाकडीचे बागायतदार, दुकान वडिलांच्या नावाचं म्हणून अजून टिकवलंय. मनानं चांगला माणूस. पण बोलायला उभा राहिला की खाली बसायचा रस्ता विसरतो. दिव्यांच्या खांबाला कुठला रंग यावर पाऊण तास. मी स्वच्छतागृहाचा विषय काढला की सगळे चहाकडे बघतात. त्या शब्दाचीच लाज, सोय नसल्याची नाही.

जागेचा प्रश्नही निघाला. कासारकाका आणि पोपटशेठ यांच्या दुकानांमधल्या बोळात बांधायचं म्हटलं तर दोघांची सही हवी, आणि ही दोघं चौदा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण गटारावरची फळी. कुणाची, ते देवालाच ठाऊक. कासारकाका बांगड्या विकतात, बोळापलीकडे पोपटशेठ किराणा. काही सांगायचं झालं तर गिऱ्हाईकाला सांगतात, "त्यांना म्हणावं पाणी इकडं येतंय." गिऱ्हाईक तोंडी निरोप देतं. सह्या मी घेतल्या, दोघांच्या, वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पेनानं. दुसऱ्याचं पेन चालत नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

नगरला अनुदानाच्या कचेरीत जाऊन आले. एसटी अर्ध्या रस्त्यात बंद, दुसरीत उभ्यानं.

तिथले साहेब तरुण, नम्र, 'मॅडम बसा, पाणी घ्या' वाले. उद्धट असते तर भांडता आलं असतं. प्रतिज्ञापत्र बघून खूश झाले. पानं उलटत गेले आणि एका पानावर थांबले. वर्तमानपत्राचं कात्रण. 'जुनी पेठ पुन्हा गजबजली.' खाली फोटो, चार नव्यानं उघडलेली दुकानं, हार, नारळ, मधोमध अप्पा.

साहेब म्हणाले, "मॅडम, ही योजना बंद पडलेल्या बाजारांसाठी आहे. तुमचा तर सुरू आहे असं तुम्हीच जोडलंय."

मी म्हटलं, चार उघडली, तीसच्या वर बंद आहेत. ते म्हणाले, कात्रणात तसं नाही. नेमकं इथेच घोडं पेंड खातं. काम केलं नसतं तर पैसे मिळाले असते. केलं म्हणून अडलं.

आणि हे कात्रण फाईलला लावलं कुणी? डिंकानं, नीट, कडा दाबून? अप्पांनी. स्वतःच्या नावाखाली लाल रेघ मारून!

२३ ऑगस्ट

अप्पांना बोलले. जरा जास्तच बोलले. ते म्हणाले, "बाई, जन्मात पयल्यांदा पेपरात नाव आलं. म्हटलं सायबाला कळू दे, आमी काम करनारी मान्सं हाय." घरी काकूंनी त्याच कात्रणाला प्लॅस्टिक चढवून देवघराशेजारी लावलंय म्हणे.

चहा घेतला आणि आले. पण डोक्याचा भुगा झालाय.

१ सप्टेंबर

गणपतीची धामधूम. मंदाला दिलेली मुदत संपली. तिनं विषय काढला नाही. मी तिच्या दुकानासमोरून न जाता मारुतीच्या बाजूनं वळून गेले. शरम वाटली, तरी वळलेच.

५ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांचा फोन. १५ तारखेला स्थळपाहणीला येतो. पाहणी अहवालात बाजार बंद आढळला तर कात्रण बाजूला ठेवता येईल. मी विचारलं, म्हणजे आम्ही काय करायचं? "तुम्ही काहीच करू नका मॅडम. मला त्या वेळी जे दिसेल ते मी लिहीन."

अशी वाक्यं मीही काउंटरवर पुष्कळ बोललेय. त्यांचा अर्थ मला नव्यानं कळायची गरज नाही.

८ सप्टेंबर

मीटिंग. सातच्या सात हजर, शिवाय दुकानदार. अप्पांनी मांडलं, की १५ तारखेला सकाळी दहा ते दोन सगळ्यांनी शटर पाडायचं, पेठ मेल्यासारखी दिसली पाहिजे. सगळे हो हो. कासारकाका नाही.

हे त्यांचं मला कळतं, आणि कळतं म्हणूनच राग येतो. आमच्या पेठेत दिवसाउजेडी शटर पडत नाही. जेवायला जायचं तर उंबऱ्यावर काठी आडवी ठेवायची, कापडवाले गज ठेवतात, मंदा मोजायची पट्टी ठेवते. काठी आडवी म्हणजे मालक आत्ता येतोय. कुणी आत पाऊल टाकत नाही, आजवर चोरी नाही. शटर दिवसा पडतं ते एकाच कारणानं, पेठेतलं कुणी गेलं तर. तिरडी वळणापलीकडे जाईस्तोवर.

कासारकाका म्हणाले, "पाडतो की. कोन गेलं तेवढं सांगा."

मी चिडले. म्हटलं, काका, तुमच्या रिवाजापायी एक बाई दिवसभर तहानेली बसते. ते म्हणाले, तिला आमच्या घरी पाठवा, कितीदा सांगितलं. पाठवली होती की! दोनदा गेली, तिसऱ्यांदा सूनबाईंनी जिन्याच्या दाराला कुलूप घातलं होतं. हे मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. काका उठून गेले.

१५ सप्टेंबर, सोमवार

दहाच्या ठोक्याला शटरं पडली. पेठ खरंच मेल्यासारखी दिसली. मंदा शटर पाडून आत बल्ब लावून शिवत बसली, कारण नवरात्राच्या ऑर्डरी. उकाड्यानं जीव गेला असेल तिचा. राहात्याहून लग्नाचे ब्लाउज न्यायला आलेली माणसं बंद शटर बघून परत गेली. तिला कळलंच नाही.

एक कासारकाकांचं दुकान उघडं. दुसरं काहीच उघडं नाही म्हटल्यावर येईल ती बाई तिकडेच. इतक्या बांगड्या वर्षात विकल्या नसतील.

साहेब आले नाहीत. मंत्र्यांची व्हिडिओवरची मीटिंग निघाली. फोन पावणेतीनला. तोवर पेठेनं मला जे ऐकवायचं ते ऐकवलं होतं. पोपटशेठ आजारी, वरच्या मजल्यावर पडून असतात, त्यांनी खिडकीतून हाक मारून विचारलं, "कोण गेलं हो?" कुणी नाही, म्हटलं मी.

१६ सप्टेंबर

लिहायची इच्छा नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. आमचे सहा महिने होऊन गेले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मंदानं बायपासच्या कॉम्प्लेक्समध्ये गाळा बघितला. स्वतःहून येऊन सांगितलं, मागून कळायला नको म्हणून. भाडं जास्त, गिऱ्हाईक नवं शोधायचं, पण तिथे सोय आहे. दिवाळीपर्यंत वाट बघते म्हणाली.

"तुमच्यावर राग न्हाई, बाई. तुमी लई केलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी काय केलं? एका जिल्ह्याचं प्रतिज्ञापत्र केलं. ती गेली की नव्यांपैकी बाकीच्या तीन दुकानांना कितीसा धीर राहणार. आणि नगरपरिषदेत ऐकलं की निवडणूक केव्हाही लागेल. आचारसंहिता लागली की सगळ्या फाईली होत्या तिथे गोठतात. साहेबांना चार फोन केले, उचलला नाही.

३ ऑक्टोबर

ह्यांचं बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी आणि चिडचिड कमी. हे म्हणाले, चिडचिड माझी नाही, घरात दुसरीकडून येते. काल दसऱ्याला पेठेत सोनं वाटायला गेले. कासारकाकांनी आपट्याचं पान घेतलं, हातात दिलं, बोलले नाहीत. चौदा वर्षांचा सराव आहे त्यांना.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पोपटशेठ गेले. सकाळी सातला.

मी पोचले तेव्हा पेठेत पहिलं शटर पडल्याचा आवाज झाला. कासारकाकांचं. नुकतंच उघडलेलं, बांगड्यांचे तोडे अजून बाहेर टांगलेले. तसेच आत ओढून घेतले आणि शटर खाली. मग रांगेनं सगळ्यांची. काका टोपी हातात घेऊन पोपटशेठांच्या जिन्याकडे बघत उभे राहिले. तिरडी खाली आली तेव्हा पुढे होऊन खांदा दिला. मला रडू आलं, पोपटशेठांपेक्षा त्या खांद्यामुळे.

तिरडी वळणापाशी असेल नसेल, मागून जीप आली. साहेब! कुठल्या तरी गावाहून परतताना सहज वळले म्हणे. उतरले, मोबाईल काढला, फोटो घ्यायला लागले, तारीख, वेळ, ठिकाण सगळं आपोआप छापून येणारे. रस्ताभर बंद शटरं. मला विचारलं, "आज सगळं बंद?"

मी तोंड उघडलं. मागून अप्पा बोलले, "रोज असंच असतंय, साहेब."

पोपटशेठ अजून वळणापलीकडे गेले नव्हते. आणि मी, जिला दुसऱ्याचा शब्द चुकला की तिथल्या तिथे दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही, ती गप्प राहिले. मंदाच डोळ्यांसमोर आली, खोटं कशाला लिहू. रोजनिशीत तरी नको.

१० ऑक्टोबर

साहेबांचा फोन, अगदी उत्साहात. अहवाल तयार. मेलवर पाठवला. 'पाहणीच्या वेळी सर्व दुकाने बंद आढळली. बाजारात नियमित व्यवहार होत नाहीत.' खाली सचिवांची सही हवी, मूळ प्रत हातोहात आणून द्या, दिवाळीच्या सुट्ट्यांआधी पुढे सरकवतो.

पहिलं वाक्य शंभर टक्के खरं. दुसरं नाही. माझी सही दोन्हींखाली एकच.

अप्पांनी अहवालासोबतचा बंद पेठेचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकलाय. खाली हात जोडल्याची चित्रं. त्यातली निम्मी पोपटशेठांसाठी, निम्मी अनुदानासाठी, आणि कुठली कुणाची ते कळायला मार्ग नाही. या माणसाचं काय करावं?

१३ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी कासारकाका घरी आले. आमच्या कॉलनीत पहिल्यांदाच. ह्यांनी पाणी दिलं, ते तसंच ठेवलं. दुकान उघडंच आहे, काठी ठेवून आलोय, म्हणाले. मग खिशातून मोबाईल काढून तो फोटो माझ्यासमोर धरला. डाव्या कोपऱ्यात, वळणापाशी, माणसांच्या खांद्यांवर तिरडीचं टोक दिसतं. मी आधी पाहिलंच नव्हतं.

"पोपट हाय यात," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो.

"चौदा वर्सं मी त्याला काय दिलं न्हाई. सादं राम राम न्हाई. त्या दिशी शटर पाडलं तेवढंच. ते तुमच्या फाईलला लावू नका."

मी मंदाचं बोलले. गाळ्याचं, तिच्या तापाचं, आचारसंहितेचं, सगळं. म्हणाले, "व्हय. पोरीची सोय झाली पायजे, ते खरं." सुनेच्या कुलपाबद्दल म्हणाले, ते मी काढलंय, पण आता ती पोरगी यायची न्हाई, आणि का यावं. बरोबर आहे. मानाची बाई आहे ती.

दारात चपला घालताना त्यांनी एवढंच विचारलं, तुमची सही लागती का त्याच्यावर. लागते म्हटलं. मग गेले.

१४ ऑक्टोबर

शेवटी साहेबांनी फोन उचलला. सरळ सांगितलं, त्या दिवशी पेठेत मयत होती, म्हणून बंद होतं, पुन्हा या. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तो कोपरा मी कापलाय. आता फोटोत काही दिसत नाही."

मी म्हटलं, कोपऱ्याचं नाही हो बोलत मी. पण काय बोलत होते ते त्यांना सांगता येईना. पुन्हा यायला तारीख नाही म्हणाले. तुमच्यासाठीच करतोय मी हे, असंही म्हणाले, आणि ते खरं आहे. त्या पोराला यातून एक पैसा मिळणार नाही. त्याला वाईट ठरवता येत नाही हीच तर पंचाईत.

ह्यांना विचारलं. म्हणाले, तू बत्तीस वर्षं लोकांना सह्या कुठे करायच्या ते दाखवलंस, आता मला काय विचारतेस. पहिल्यांदा विनोद नव्हता.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दोन कागद तयार केलेत. एक अहवाल, सहीची जागा मोकळी. दुसरं माझ्या अक्षरातलं पत्र: ९ तारखेला पेठेतील ज्येष्ठ व्यापाऱ्याच्या निधनामुळे दुकाने बंद होती, एरवी दहा-बारा उघडी असतात, बाकी बंद, त्या दहा-बारांसाठीच मागतो आहोत. सगळं खरं. वाचून मलाच कळतं, की हे पत्र दिलं तर फाईल चौथ्यांदा परत येईल, आणि या वेळी येईपर्यंत निवडणूक लागलेली असेल.

संध्याकाळी मंदा दिवाळीचे ब्लाउज द्यायला आली. मी न टाकलेला तिसराही शिवलाय, उरलेल्या कापडातून. बस म्हटलं, पाणी दिलं. घटाघटा प्याली, आणखी एक मागितलं, तेही प्याली. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "बाई, जरा जाऊन येऊ?" मी बाथरूमचा दिवा लावून दिला आणि स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत उभी राहिले. एवढ्याशा गोष्टीची परवानगी मागताना तिचा चेहरा कसा झाला होता ते मला बघायचं नव्हतं.

गाळ्याचं तिनं काढलं नाही. अनुदानाचंही नाही. निघताना म्हणाली, येते, दुकान उघडं टाकून आलेय, पट्टी आडवी लावून.

दोन्ही कागद पिशवीत आहेत. पेनही. नगरची गाडी सकाळी साडेआठला. स्टँडवर जायला पेठेतूनच जावं लागतं. मंदानं तोवर झाडून घेतलेलं असतं, आणि समोर कासारकाका शटर वर करत असतात.